तिसरी उशी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, गल्लीत लहानथोर सगळ्यांची काकू, कोणी दटावलेले नाही आणि कोणी गोड बोलून गुंडाळलेलेही नाही अशा स्थितीत, माझ्या स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवते.

वकीलबाईंनी दिलेल्या मृत्युपत्राच्या नमुन्यात पहिल्याच ओळीत ‘शरीराने व मनाने धडधाकट असताना’ असे शब्द आहेत. मनाचे मी लिहिले. शरीराचे दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. मरणाच्या कागदावर खोटे लिहायला हात धजेना.

कारण असे की, गेल्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ती कापून काढली. मग शिरेतून लाल रंगाचे औषध झाले, मग रेडिएशन झाले, आणि आता दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन चालू आहे. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच समोर बसवून सांगितले होते, “ही औषधं गाठीच्या मुळावर उठतात, पण कधीकधी त्यांची झळ हृदयाला लागते. म्हणून मधूनमधून एको करायचा, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ताकद कमी दिसली तर इंजेक्शन थांबवावं लागतं.” त्या पुढेही बरेच बोलल्या. माझे कान ‘थांबवावं लागतं’ इथेच बंद झाले.

मागचा एको चांगला आला होता. पुढचा उद्या आहे. आणि मला दम लागतो.

हे मी आजवर कुठेच बोललेले नाही. इंजेक्शन देणारी सिस्टर दर खेपेला विचारते, “काकू, दम लागतो का? पाय सुजतात का?” आणि मी म्हणते, “छे गं, अजून तुला पळवून दमवीन.” ती हसते, कागदावर खूण करते, सुई लावते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक हिरव्या स्कार्फवाली बसायची. फार बडबडी, फार लाघवी. तिचे इंजेक्शन हृदयासाठी थांबवले, आणि त्यानंतर ती खुर्चीवर दिसली नाही. कुठे गेली हे विचारायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून मी खोटे बोलते. एको झाला तर खोटे उघडे पडेल, म्हणून उद्या पाहुणे येणार आहेत असे कळवून तारीख पुढे ढकलायची, असा माझा बेत आहे. पाहुणे वगैरे कोणी नाहीत. म्हणून आधी हे लिहायला बसले. तर आता कलमे.

कलम एक. दुकान खाली, राहत्या दोन खोल्या वर. खोल्या मुलगा आणि लेक यांच्या निम्म्या निम्म्या. पण सूनबाई जिवंत आहे तोवर तिला तिथून कोणी हलवू नये, माझ्या मुलानेसुद्धा नाही. जिन्याच्या मधल्या वळणावरच्या कुंडीला पाणी घालत जावे. तिच्यात वाळकी काडी आहे हे मला माहीत आहे. तरी गेले काही आठवडे मी तिथे थांबून ती निरखत बसते, कारण नुसते थांबले तर खालून कोणीतरी विचारेल. त्या काडीने मला फार सांभाळून घेतले आहे.

कलम दोन. दुकान, कापायचे यंत्र, पुस्तके दाबायचा लोखंडी दाब, सुया, टोचे, पुठ्ठा आणि कापड, हे सगळे सूनबाईचे. मुलाचे नाही. त्याला खळीचा वास आला की शिंका येतात, आणि शिंकणाऱ्या माणसाने सोनेरी अक्षरांच्या आसपास फिरू नये. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आज तिची शिलाई माझ्यापेक्षा सरळ आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही, डोक्यावर बसेल म्हणून. आता बसू दे. दाबाचे चाक मात्र तिने दोन्ही हातांनी फिरवावे. मला अलीकडे ते अर्ध्यावर सोडून बसावे लागते आणि मग मी तिलाच हाक मारते, “अगं, जरा बघ बरं, तुला जमतंय का.” तिला वाटते मी शिकवते आहे.

कलम तीन. बँकेत जे उरले असेल ते लेकीला. ती लांब असते. माझे काही झाले तर तिला फोनवर एकदम सांगू नये. आधी ती बसली आहे का हे विचारावे. माझ्यासारखीच आहे, उभ्याने वाईट ऐकवत नाही.

कलम चार. माझी जाऊ. गाठ कळली त्याच आठवड्यात ती भेटायला आली आणि माझ्यादेखत मुलाला म्हणाली, “या वयात एवढे सोपस्कार कशाला? बाईमाणसाने किती जगायचं?” मी तेव्हा गप्प बसले. आता बसत नाही. तिला माझी ती राखाडी लोकरीची शाल द्यावी. ऊब भरपूर आहे, पण मानेला सारखी टोचते. तिने ती वापरावी आणि माझी आठवण काढावी. याउपर तिच्याशी माझे काही वैर राहिलेले नाही.

कलम पाच. फळीवर लोकांनी बांधायला टाकलेली आणि न्यायला विसरलेली पुस्तके आहेत. मी चौथीत शाळा सोडली. पुढचे सगळे शिक्षण या विसरभोळ्या लोकांनी केले. जे बांधायला येईल ते आधी वाचायचे, अशी माझी पद्धत. ती पुस्तके मागेल त्याला द्यावीत, विकू नयेत.

त्यातले एक मात्र कोणी विसरलेले नाही. गल्लीच्या टोकाला राहणारी, डॉक्टरकीला असलेली मुलगी महिन्यापूर्वी तिचे जाडजूड पुस्तक टाकून गेली, सांधा पार उसवलेला. उलगडून बघते तर मध्ये हृदयाचा भाग. इंग्रजी मला अडखळत येते. शब्दकोश घेऊन बसले. आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, असे एका चौकटीत होते. पावलांवर सूज. थोड्या श्रमाने थकवा. ती चौकट कोणीतरी मला खिडकीतून बघून लिहिल्यासारखी होती. मी लाल पेन्सिलीने खुणा केल्या, दुसऱ्याच्या पुस्तकात, जे मी जन्मात कधी केले नव्हते. आणि मग ते पुस्तक शिवायला घेतले तेव्हा तो भाग शिवलाच नाही. एकात एक घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याला आम्ही जुज म्हणतो. तेवढा एक जुज बाहेर ठेवून बाकीचे पुस्तक बांधून, दाबून, नाव उठवून तयार केले. इतक्या वर्षांत माझ्या हातून कधी पान सुटले नव्हते, आणि इथे मी पोरीला हृदयच नसलेले पुस्तक देणार होते.

तो जुज माझ्या तिसऱ्या उशीच्या अभ्र्यात आहे. पूर्वी मी एका उशीवर झोपायचे. आता सपाट पडले की पाण्यात बुडाल्यासारखे होते, म्हणून तीन रचते. माझ्यामागे तो जुज काढून पुस्तक उसवून पुन्हा बांधून द्यावे, आणि पैसे घेऊ नयेत.

इथवर लिहिले तोच साक्षीदार आले: गल्लीतले आमचे नेहमीचे डॉक्टर आणि पलीकडचे छापखानेवाले. ज्यांच्या वाट्याला काही येणार आहे त्यांनी साक्षीला उभे राहू नये असे वकीलबाई म्हणाल्या होत्या, म्हणून घरातल्या कोणाला मी यातले काही कळू दिले नव्हते. डॉक्टरांनी माझ्या शुद्धीचा दाखला शेवटी लिहायचा, असे ठरले होते. त्यांनी पहिले पान वाचले, चष्मा वर केला, आणि पेनाऐवजी गळ्यातली नळी कानाला लावली.

“काकू, पाठ करा इकडे.”

“तुम्ही सही करायला आलात का तपासायला?”

“धडधाकट हा शब्द तुम्ही खोडलाय, मी नाही. श्वास घ्या. सोडा. पुन्हा.” मग माझी पावले बघितली. नडगीवर बोट दाबले. खळगा पडला तो पडलाच, लवकर भरेना.

छापखानेवाले खाली बघत म्हणाले, “वहिनी, मी जरा बाहेर थांबतो.”

“थांबा इथेच,” डॉक्टर म्हणाले. “साक्षीदार आहात ना?” मग माझ्याकडे वळून, “किती दिवस लपवलंत?”

मी म्हटले, “मी काही लपवलेलं नाही. कोणी नीट विचारलं नाही.”

तेव्हा चहाचे कप घेऊन सूनबाई दारात उभी होती, कधीची कोण जाणे. ती म्हणाली, “आई, एका माणसाचे तीन अभ्रे धुवायला येतात. मला कळत नाही होय? कुंडीतली काडी कळत नाही? आणि गेल्या आठवड्यात त्या अभ्र्यातून छापील पानं निघाली. मी ती वाळवून परत तिथेच ठेवली.”

“मग बोललीस का नाहीस?”

“तुम्हाला वाटायचं तुम्ही मला दाब शिकवताय. म्हटलं, शिकून घेते. आणि खरं सांगू? दम लागतो का असं विचारलं तर तुम्ही हो म्हणाल, याची भीती वाटत होती.” छापखानेवाल्यांनी कप तिच्या हातातून काढून घेतले.

मी डॉक्टरांना शेवटी विचारायचे ते विचारले. “इंजेक्शन थांबवलं तर ती गाठ परत येईल. आणि चालू ठेवलं तर हे हृदय बंद पडेल. मी कुठल्या बाजूला मरायचं ते तरी सांगा.”

डॉक्टर म्हणाले, “थांबवतात म्हणजे सोडून देतात असं नाही. हृदयाला औषधं देतात. ते सावरलं तर इंजेक्शन पुन्हा सुरू करतात. खूप जणांचं सावरतं.”

“आणि हिरव्या स्कार्फवालीचं?”

“ते मला माहीत नाही, काकू. माहीत नसलेलं मी सांगणार नाही. पण तुम्ही जेवढं लपवाल तेवढं ते सावरणं अवघड होत जाईल, हे मला माहीत आहे.”

‘सावरलं तर’ मधला ‘तर’ माझ्या कानातून जात नाही. मला मरणाची भीती नाही वगैरे लोक म्हणतात. मला आहे. दोन्ही बाजूंनी आहे. एकोच्या वेळी छातीला लावतात त्या थंड जेलीची, त्या पडद्यावरच्या आकड्याची, आणि सिस्टरच्या त्या प्रश्नाची सर्वांत जास्त.

कलम सहा, शेवटचे. उद्याची तारीख मी पुढे ढकलत नाही. पाहुणे येणार नाहीत. सिस्टर विचारील तेव्हा मी हो म्हणेन. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही तर सूनबाईने हो म्हणावे, आणि तो माझाच मानावा. याआधी तोंडी जे काही सांगितले असेल, ‘मी ठणठणीत आहे’ हेसुद्धा धरून, ते सर्व या लेखाने रद्द समजावे.

स्थळ : दुकानामागची खोली, दाबाशेजारी.
दिनांक : एकोच्या आदला दिवस, दुपार.

सही : पुस्तकबांधणीवाल्या काकू

साक्षीदार पहिले : पलीकडचे छापखानेवाले. सही माझ्यासमोर झाली. मी पूर्ण वेळ आतच होतो.

साक्षीदार दुसरे, तसेच दाखला : गल्लीतले डॉक्टर. काकूंचे मन धडधाकट असल्याचे लिहून देतो. शरीराची ओळ कोरी सोडली आहे. ती उद्याचा रिपोर्ट बघून भरीन.

सूनबाईची सही नाही. ती उद्यासाठी गाडी ठरवायला गेली आहे.