कायमचे घरी

४ मे, वडूज
ह्यांचा फोन. मिल्ट्रीतनं एकतीसला सुटणार. चोवीस वर्सं झाली. मिरवणुकीचा फ्लेक्स गाव लावंलच, पण त्यात वर पुढाऱ्यांची सहा तोंडं आन ह्यांचा फोटो खाली तिकिटाएवढा. दारावरचा बोर्ड मीच करणार! प्राजूचा जुना लॅपटॉप काढलाय. लेक सांगलीला कॉलेजात, फोनवर शिकवते म्हणाली.

७ मे
"आई, इन्सर्टमध्ये जा, वर्डआर्ट घे." घेतलं. 'हवालदार' लिहून कमान केली तर अक्षरांवरची रेघ तुटली. हवा एकीकडं, लदार दुसरीकडं. अंतर कमी केलं तर एकमेकांच्या उरावर बसली. सावली दिली, नाव दोनदा दिसाय लागलं. सोनेरी केलं तर दिसंचना. काय कळंना. गेलं चुलीत.

११ मे
जमलं! कमान सोडून फुगीर आकार घेतला, रेघ सलग राहिली. खाली मोठ्या अक्षरात 'कायमचे घरी'. त्याखाली 'स्वागतोत्सुक', पुढं माझं नाव.
सासूबाई बघून, "आगं, बायकूनं नवऱ्याचा बोर्ड लावायचा आसतो व्हय? गाव हसंल. समस्त ग्रामस्थ टाक."
नाव खोडलं. मग परत टाकलं. चहा झाल्यावर परत खोडलं.

१४ मे
ह्यांना बोर्डाचं सांगितलं. वाटलं खूश होतील. तर म्हणाले, "त्यातलं 'कायमचे' तेवढं काढ."
का?
"सुटल्यावर मिल्ट्रीच्याच सिक्युरिटीत परत घेत्यात. सोबतचे सगळे फॉर्म भरत्यात. लांब हाय पोस्टिंग. तू सांग, भरू का?"
प्लॉट घेतला तवा विचारलं न्हाई. प्राजूला सांगलीला ठेवली तवा न्हाई. आन आज मला विचारत्यात! मी म्हणाले, सांगते. फोन ठेवून रडले. राग आला का बरं वाटलं, माझं मलाच...

१५ मे
प्राजूला सांगितलं. "आई, तुला काय पायजे?" ही पण बापासारखी मलाच विचारते.

१६ मे
'कायमचे' काढलं. नुसतं 'घरी' राहिलं, आकारात ताणून लय मोठं झालं. परत घातलं.
फॉर्म भरा म्हणायला जीभ रेटत न्हाई. या म्हणावं, तर वर्साला दोन महिन्यांच्या सुट्टीपलीकडं हा माणूस मी घरात बघितलेलाच न्हाई. सुट्टी संपत आली की भांडण गिळायची सवय झालीय. रोज घरात असणाऱ्या नवऱ्याशी कसं भांडायचं, मला कुठं ठाऊक? त्यांना तरी ठाऊक हाय का?
फॉर्मची मुदत उद्या. संध्याकाळी फोन करतो म्हणालेत. पाच वाजले.