पायानं काढलेली रेणुका

पुणे

ती. आई,
तुझ्या नंदूचा डोकं टेकवून नमस्कार.

मिळाली! दिव्यांग विद्यार्थ्यांची चित्रकलेची शिष्यवृत्ती मलाच मिळाली. फी, होस्टेल, रंगांचा खर्च, सगळं त्यात निघतं. बाबांना म्हणावं, पिंपळगावात पेढे वाटा अन् शेळ्या आता बिलकुल विकू नका.

तुझा गुडघा कसा हाय? माझी काळजी करू नको. मेसमध्ये पायानं जेवताना पहिले सगळे बघायचे; आता न्हाई बघत.

त्यांनी माझं चित्र कोणतं निवडलं, सांगू? आपल्या देव्हाऱ्यातली रेणुका. "देवाला पाय लावायचा न्हाई," म्हणायचीस, म्हणून तुझ्यापासून लपवून काढलं. पण आई, तिचा तर नुसता मुखवटा हाय. हात तिलाबी न्हाईत, मलाबी न्हाईत.

हे पत्रबी पायानंच लिहिलंय. वाचून झालं की तिच्यापुढंच ठेव.

तुझी,
नंदू