तीन काळजांचा उपास

झाहले, १७ मार्च १९९४

ती. आईस, कृतानेक नमस्कार वि. वि.

टॅक्सीवाला मिशेल आत्ता अल-मीनाला निघतोय, म्हणून घाईत लिहिते. इथला फोन मेलेलाच आहे.

सध्या आठवीला सजीवांचे गट शिकवतेय. वनस्पती आपलं अन्न आपण तयार करतात, बुरशी दुसऱ्याच्या जिवावर जगते, प्राणी शोधून खातात. एवढं होईपर्यंत अर्धा वर्ग झोपतो. मग पाठीला कणा असलेले आणि नसलेले आले आणि मला सोमवारी सुरू झालेल्या तुझ्या ईस्टरआधीच्या मोठ्या उपासातला ऑक्टोपस आठवला. रक्त असलेलं खायचं नाही, पण त्याला रक्त नाही म्हणून तो चालतो, असं तू दर वर्षी सांगतेस. आई, त्याला कणा नाही हे खरं, पण रक्त आहे, निळं. काळजं तर तीन आहेत. कोळंबीलाही रक्त आहे. म्हणजे तुझा उपास ही बिनहाडांची मेजवानीच झाली. पाद्रीबाबांना सांगू नकोस, बिचाऱ्यांची माकुलं सुटतील.

मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझी नजला

अल-मीना, २० मार्च

चि. नजला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिशेलने मला मासळीबाजारात दिलं. हातात ऑक्टोपस होता. वाचलं आणि तो परत ठेवला. कोळ्याने कारण विचारलं, तर म्हटलं, माझी लेक शिकली.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते ऐक. तू चार वर्षांची होतीस, टायफॉइड झाला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. मी देवमातेला नवस बोलले की पोर वाचू दे, तीस वर्षं मोठा उपास पाळीन, रक्त असलेल्याला तोंड लावणार नाही. यंदाचा तिसावा. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एकोणतीस रेघा आहेत. तुझ्या पुस्तकाच्या कृपेने त्या सगळ्या खोट्या ठरल्या. तिने पोर खरी दिली आणि मी तिला दर वर्षी तीन काळजं फस्त करून दाखवली.

तेव्हा पुन्हा एकपासून सुरुवात. मी एकाहत्तरची, म्हणजे शंभराव्या वर्षी नवस फिटेल. तोवर पाव, मसूर आणि झातरचा मसाला. मसुराला काळीज असल्यास कळवणे.

तब्येतीला जप. पोरांना कमी शिकव.

तुझी आई वदाद

झाहले, २३ मार्च

ती. आईस सा. न.

पत्र तीनदा वाचलं. मला माहीत असतं तर लिहिलं नसतं. चुकले.

पण वेड्यासारखं करू नकोस. हे गट माणसांनी पाडलेत. अळंबी कालपरवापर्यंत वनस्पतींत होती, आज तिची पंगत वेगळी मांडली, म्हणून आधी खाल्लेल्या अळंब्या कुणी ओकून टाकल्या नाहीत. नवस बोललीस तेव्हा तुझ्या आणि पाद्रीबाबांच्या यादीत ऑक्टोपस चालत होता. देवमातेने ती यादी बघूनच मला सोडलं ना? तिला काय आठवीचं पुस्तक लागतं?

नीट खा. तुला साखरेचा त्रास आहे, हे तरी विसरू नकोस. रागव, पण लिही.

नजला

अल-मीना, २८ मार्च

चि. नजलास आशीर्वाद.

पंगत आवडली. पाद्रीबाबाही असंच म्हणाले, पण ते माकुलं खाता खाता म्हणाले.

काल स्वयंपाकघरात जरा खाली बसले. शेजारची अफीफा म्हणते की पडले. कपाळाला तीन टाके आहेत. तिला तेवढ्यावरून रडायला आवडतं. डॉक्टरही आले आणि असा उपास केलात तर ईस्टर बघणार नाही म्हणाले. शिकलेली माणसं सगळी सारखीच बोलतात. मी मसूर शिजवतेय.

आई

झाहले, ३० मार्च

ती. आईस,

यादी, कणा, रक्त सगळं राहू दे. तुझ्याशी वाद घालणं मला जमत नाही, कधी जमलंच नाही.

टायफॉइड मला झाला होता. जीव माझा वाचला. तुझी तीस वर्षं झाली. त्यात काही खोट राहिली असेल तर ती मी भरते. आजपासून माझा उपास. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही आणि ऑक्टोपसही नाही. तीस वर्षं. एकच अट आहे, तू खायचंस. तू खाल्लं नाहीस तर मीही मसूर सोडीन. हट्ट कुठून आलाय ते तुला ठाऊक आहे.

मला तू हवी आहेस, आई.

तुझी नजला

अल-मीना, २ मे

चि. नजला हिस ईस्टरचे आशीर्वाद.

मटणाच्या किब्ब्याशिवाय एक शुक्रवार न काढलेली बाई तीस वर्षं उपास करणार, हे वाचून अफीफा आणि मी इतक्या हसलो की माझे टाके दुखले. त्याच दुपारी ऑक्टोपस आणला, लिंबू पिळून अख्खा खाल्ला. डोळे मिटून खाल्ला, एवढाच काय तो पश्चात्ताप. रोज खात होते, म्हणून तर ईस्टर बघितला.

मिशेल म्हणतो तू वाळलीस. पहिल्या वर्षी दुपारी चारला डोकं गरगरतं. तेव्हा दोन खजूर खायचे, पाणी प्यायचं आणि कुणाला बोलायचं नाही. हे तुझ्या पुस्तकात नसणार.

काल तिसावी रेघ ओढली. तिच्याखाली तुझी ओळ सुरू केली आहे. तू उपासाला सोळा दिवस उशिरा बसलीस, म्हणून अर्धीच रेघ ओढली. उरलेली अर्धी पुढच्या वर्षी इथे येऊन, माझ्यासमोर ओढ. तोवर मी कुठे जात नाही.

माया आहे तशीच आहे.

तुझी आई वदाद