दोन सीटची गाडी

अण्णा,

गेल्या रविवारी मला माझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसवण्यात आलं. हे आपल्या कानावर घालणं मी माझं कर्तव्य समजतो. गाडी माझी, चालवणारी मुलगी माझी, आणि पुढं तिच्या शेजारी पाय पसरून कोण, तर आपले धाकटे चिरंजीव. माझ्या मांडीवर पोह्यांचा डबा होता. तो सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून मी पुंडलिकनगरपासून बिडकीनपर्यंत गेलो. उभा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवलेल्या माणसाला शोभेल इतक्या गांभीर्यानं ही तक्रार मी नोंदवतो आहे. निवाड्याची आशा नाही, कारण बसण्याची ही व्यवस्था मुळात तुम्हीच लावून दिलेली.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात रांगत होती. आता ती पुण्याला एका कंपनीत मोटारींची आखणी करते. सध्या त्या लोकांच्या डोक्यात विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार आहे. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. खरं तर अजून गाडीही नाही, नुसती चित्रं आहेत. अशा गाडीकडून शौकिनांना काय हवंय, ते ती गावोगाव विचारत फिरते. आपल्या शहरातले शौकीन तिला गोळा करून दिले ते तिच्या काकानं. हे तिनं मलाही सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, असं विचारू नका. बिडकीनला आता कारखान्यांसाठी रुंद सिमेंटचे रस्ते झालेत. दिव्यांचे खांब रांगेत उभे, प्लॉट मात्र मोकळे. तुमच्या शहराचं नावसुद्धा बदललं, पण पाण्याची ओरड तीच आहे. तर त्या मोकळ्या रस्त्यांवर रविवारी सकाळी ही मंडळी आपापल्या गाड्या पुसून आणतात आणि एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालून उभी राहतात.

मुलीनं विचारायचा अवकाश, सगळे एकदम बोलायला लागले. एक कापडाचे व्यापारी म्हणाले, "बेटा, आवाज होना. गाडी गुपचूप निकल गई तो लोगां को कैसा मालूम, अपन आये करके?" एका दाताच्या डॉक्टरांना गाडी हलकी हवी होती, बॅटरीच्या ओझ्यानं वळणावर ती म्हशीसारखी बसायला नको, म्हणाले. कुणाला बटणं हवी होती, खरी, दाबली की टक वाजणारी. पडद्यावर बोटं नाचवून एसी लावायचा त्यांना कंटाळा आला होता. मी मनात म्हटलं, निर्गुणाची उपासना कुणालाच झेपत नाही. शास्त्रज्ञांनी एवढ्या कष्टानं नाद, गंध आणि धूर यांतून मुक्त केलेली वस्तू, आणि भक्तांना ती परत सगुणच हवी.

मग तुमचे चिरंजीव बोलले. "मला गियरचा दांडा पाहिजे. खोटा असंल तरी चालंल. पण हाताला काय तरी काम पाहिजे का नाय? नायतर ती गाडी काय, लिफ्ट हाय." मुलगी हसली, आणि अशी हसली अण्णा, की तसं हसवायला मला आजवर जमलेलं नाही. "काका, हे लई भारी सांगितलंत," म्हणाली. पुण्याला राहून तिच्या तोंडातला 'लई' गेला होता. काकापुढं तो परत आला. माझ्यापुढं ती शुद्ध बोलते.

तो दांडा त्याला कुठून सुचला, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही दोघं शाळकरी पोरं, आणि दुष्काळ आहे. भाड्याची वऱ्हाडं बंद, म्हणून तुमच्या जीपच्या मागं ड्रम ठेवून आपण हर्सूलकडच्या एका विहिरीवरून गल्लीसाठी पाणी आणतो आहोत. ड्रमला झाकण नाही, नुसतं ओलं गोणपाट. पुढं धाकटा, त्याचा पंजा गियरच्या मुठीवर आणि त्यावर तुमचा. मागं मी, ड्रमला मिठी मारून. एकदा मी हट्टानं पुढं बसलो, दांडा ओढला आणि जीप अशी करकरली की तुम्ही गाडी थांबवलीत. "रडवली ना तिला. जा, मागं जा, पाण्याला धर. तुझं काम पोथीचं हाय." तुम्ही रागावलाही नव्हता, तेच वाईट होतं. मागं बसून मी पाण्यावरून तुमचं चालवणं ओळखायला शिकलो. तुम्ही गियर बदलला की पाण्याला कळायचं नाही. धाकट्यानं बदलला की माझी छाती भिजायची. पण हे मला कधी कुणी विचारलं नाही.

रविवारी मात्र मुलीनं विचारलं. "बाबा, तुम्हाला काय हवं अशा गाडीत?" इतक्या वर्षांनी प्रश्न आला आणि मी एवढंच म्हणालो, "मागं बसणाऱ्याचा विचार करा." सगळे हसले. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, स्पोर्ट्स कारला मागची सीट नसतेच."

नंतर दुभाजकाच्या कट्ट्यावर पोहे खाताना धाकटा सहज बोलून गेला, "पोरगी जर्मनीला गेल्यावर असले पोहे कोण करंल रं दादा?" पोहे मी केले होते, ते सोडून द्या. मी म्हटलं, "कुठं गेल्यावर?" त्याचा घास तोंडातच राहिला. "तुला सांगितलं नाय व्हय? दोन वर्षांसाठी बोलावलंय तिला, या गाडीच्याच कामाला. ती म्हणली, बाबांना सांगायच्या आधी जरा तयारी करते." परीक्षेला बसावं तशी तयारी. आणि काकाला मात्र फोनवर, रस्त्यातून जाता जाता.

संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, कामात आहात?" मी म्हटलं, "नाही, ये." चष्मा काढून ठेवला, पुस्तक मिटलं. तिनं आत येऊन टेबलावरची पुस्तकं एकावर एक नीट रचली. मग तिनं विचारलं, "कात्री कुठंय?" मी कात्री दिली. सोमवारी ती पुण्याला गेली.

हे पत्र मी कुठं टाकणार? तुमच्या हयातीत तुमच्याशी जे बोलायचं ते मी आईमार्फत बोललो, आता तीही सोय नाही. धाकट्याचा मला मत्सर वाटतो, तो पहिल्यापासून वाटतो आणि या वयात त्याच्यावाचून मला करमणारही नाही. मुलगी लांब जाईल, याचीही काळजी नाही, जावंच तिनं. अण्णा, ती मला घाबरते. आणि मी तिला कधी घाबरवलं, ते मला काही केल्या आठवत नाही.