तिसरा कौल

देवबाग, १२ मार्च १९६१

गो शेवंती,

हे पत्र पेटीत टाकायचं नाही असं ठरवूनच लिहिते. तुला वाचता येत नाही आणि वाचून दाखवणार तुझा नवरा.

वल्ह्याच्या माराने सुजलेला हात घेऊन माहेरी आलीस आणि सूज उतरायच्या आत पुन्हा त्याच्याकडे निघालीस! "तो वायट नाय गो बाय. मारता, पण मागसून हळद पण तोच लावता." अगं, मारलंच नाही तर हळद लागेल कशाला?

माझं तुला पटेना, म्हणून तुला देवीकडे कौल घ्यायला नेलं. गुरवाने मूर्तीला फुलं लावली. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर राहा. डावं पडलं. तू म्हणालीस, "वारो इलो, परत लाव." पुन्हा डावंच. "गाऱ्हाणा बरोबर घालूक नाय, परत लाव." तिसऱ्यांदा एकदाचं उजवं पडलं, तशी हात जोडायलाही न थांबता थेट होडीत जाऊन बसलीस. "देवीनच धाडल्यान" म्हणे! धाडते कसली, कंटाळली ती तुला!

काल मासे विकायला आलेली काशीबाई सांगत होती, आता तुझा दुसरा हात गळ्यात बांधलाय.

मी तडक देवळात गेले. गुरवाला म्हटलं, विचार देवीला, या पोरीचा नाद सोडू काय? उजवं पडलं तर आजपासून सोडला.

पहिल्याच खेपेला उजवं पडलं.

मी म्हटलं, "वारो इलो. परत लाव."

तुझ्यावर चिडलेली,
तुझी थोरली बहीण द्वारका