हवेवर शहाड ते आंबिवली

३ मार्च, सकाळी ७
पेट्रोल पंपावर पुन्हा रांग. शी! तो वास, तो धूर. एकोणीस वर्षं फॅक्टरीत दाबलेल्या हवेची लाइन सांभाळलेला माणूस मी, आणि पेट्रोल जाळत फिरतो? किळस आली. ठरलं. आपली गाडी दाबलेल्या हवेवर चालवायची. महिनाभरात.

९ मार्च
इंजिन काढलं. बायको, प्रीती, विचारते, मग मी शहाडहून आंबिवलीला शाळेत शिकवायला जाऊ कशी? म्हटलं, फक्त आठ दिवस रिक्षा कर. हिला दूरदृष्टी नाही म्हणजे नाहीच.

२ एप्रिल
आठ दिवस जरा लांबले. एअर मोटर बसली, सीएनजीचे दोन जुने सिलेंडर बसले. हवेसाठी गाडी ढकलत काळुरामच्या पंक्चरच्या दुकानात नेली. त्याचा कॉम्प्रेसर चाकं फुगवण्यापुरताच. वर मलाच विचारतो, "दादा, हे फुटलं तर?" अडाणी.

६ एप्रिल
मोठा कॉम्प्रेसर भाड्याने आणला. डिझेलवरचा. अडीच तास धडधडला. सोसायटीच्या सेक्रेटरी क्षिप्राबाईंचे वाळत घातलेले कपडे काळे. म्हणतात, हीच का तुमची बिनधुराची गाडी? अहो, धूर कॉम्प्रेसरचा, गाडीचा नाही! एवढंही कळू नये? वैताग.

संध्याकाळी ५
चालली! गेटपासून मेडिकलपर्यंत. मग सुटणाऱ्या हवेने पाइप गारठून त्यावर बर्फ धरला. एप्रिलमध्ये बर्फ! कौतुक कुणालाच नाही.

१२ एप्रिल
सासूबाईंचं कल्याणला मोतीबिंदूचं ऑपरेशन. आणायला मीच जाणार म्हणून हटून बसलो. हवा पुरेल, हिशोब दोनदा केलेला. जाताना प्रीतीला घेऊन मस्त गेलो. येताना शहाडच्या पुलावर, ऐन चढावर, फुस्स. गाडी मागे सरकायला लागली. मागे ट्रक. हँडब्रेक लागेना. प्रीतीने उडी मारून चाकाखाली दगड सरकवला. डोळ्याला पट्टी, लेकीचा हात धरून सासूबाई भर उन्हात पूल उतरल्या. कडेने ट्रक जात होते.
प्रीती घरी येऊन एवढंच म्हणाली, "आईला काही झालं असतं तर?"

१३ एप्रिल
सासूबाईंची पट्टी सुटली. छान दिसतंय म्हणाल्या.


१४ एप्रिल
जयंती. विहारात जायला निघालो. पांढरी साडी, काळा गॉगल, सासूबाई गेटशी उभ्या. विचारलं, "कशाने जायचं गं?" प्रीती म्हणाली, "रिक्षा सांगितलीय, आई." मी कडेला बसलो. पूल सहज चढली. सीएनजीची रिक्षा. धूर नाही, वास नाही.