पद्माच्या वाजवण्याला तुम्ही उचललेला हात

अहो,

पत्रात ‘प्रिय’ लिहायला हात अजून धजत नाही, म्हणून हाक मारायचे तसंच लिहिते. पद्मा आत्ताच पुण्याच्या बसने गेली. तिला सोडून आले आणि थेट लिहायला बसले. वर्षभर तिच्यापासून लपवलेलं आज सकाळी मी सांगून टाकलं. बरोबर केलं की चूक? तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?

आधी कालचं सांगते. आपल्या लेकीचा कार्यक्रम होता, इथेच टिळकवाडीत. रागदारी सोडून ती ज्या संगीताकडे गेली, ज्याच्यापायी तुम्ही तिच्याशी चार वर्षं बोलला नाहीत, तेच संगीत! व्हायोलिनच्या जातीची चार वाद्यं, सोबत सॅक्सोफोन आणि ड्रम. पत्रिकेवर लिहिलं होतं, ‘जॅझ आणि आजचं तंतुवाद्यसंगीत’. मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा कळलं नाही.

निपाणीहून बाळगोंडा आला होता. माझा भाऊ कसा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, गप्प बसणं त्याला जमत नाही. पाच मिनिटं झाली असतील, माझ्या कानाशी लागला, “आक्का, अजून वाद्यं जुळवायलाच लागल्यात व्हय गं?”

“न्हाय रं, सुरू झालंय.”

“मग संपल्यालं कसं कळायचं?”

मी त्याला चिमटा काढला. पण खरं सांगू? मलाही तोच प्रश्न पडला होता! कुणी तारेवर गज नुसताच खरवडत होतं, कुणी लाकडावर बोटांनी टकटक करत होतं. मध्येच एखादी धून यायची, जरा ओळखीची वाटायला लागली की तो सॅक्सोफोनवाला तिला भलतीकडेच घेऊन जायचा. तुम्ही असता तर उठून गेला असता. की बसला असता शेवटपर्यंत?

आणि मग पद्माच्या व्हायोलिनची तार तुटली. तुमच्या क्लासमध्ये असं झालं की सगळं थांबायचं. तार बदलायची, पुन्हा पहिल्यापासून. ही थांबलीच नाही! उरलेल्या तीन तारांवर वाजवत राहिली. सॅक्सोफोनवाल्याने तिच्याकडे बघून आवाज बारीक केला, ड्रमवाला हळू झाला, आणि पद्मा हसली. वाजवता वाजवता हसली हो! सहाव्या वर्षापासून ती तुमच्यासमोर वाजवायची, मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. हसताना एकदाही दिसली नव्हती. हे तुम्हाला लागेल. लागू दे थोडं.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कशासाठी? संगीत तर कळलं नव्हतं. बाळगोंडा एवढंच म्हणाला, “मला काय समजलं न्हाय बघ. पण पोरगी लई खुशीत हाय.”

आज सकाळी चहा पिता पिता पद्माने विचारलं, “आई, मी पाठवलेलं रेकॉर्डिंग बाबांनी दवाखान्यात ऐकलं होतं का गं, खरंच?”

तेव्हा ती परदेशात शिकत होती. तिकीट मिळून पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात. तेव्हापासून मी ‘ते झोपेत होते’ म्हणत आले. आज ते तोंडातून निघेना.

सांगितलं. तुम्ही जागे होतात. मी फोन उशाशी ठेवला. दोन-तीन मिनिटं तुम्ही छताकडे बघत ऐकलंत, आणि मग सलाइन नसलेला हात वर उचललात. मी घाबरून फोन बंद केला. हात थोडा वेळ तसाच राहिला आणि खाली आला. त्यानंतर तुम्ही बोललाच नाहीत.

“कसा उचलला? दाखव.”

दाखवला. शिष्याला थांबवताना तुमचा हात असाच वर जायचा. पण रंगून ऐकताना सम यायच्या आधीही असाच जायचा ना? इतकी वर्षं संसार केला आणि मला एवढं ओळखता येऊ नये! ‘पुरे’ म्हणालात, की तुम्हाला पुढे ऐकायचं होतं आणि मीच तोडलं?

मला वाटलं, पोरगी भडकेल. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मलाही नाही कळत, आई.” डोळे पुसले, उठली, तार बदलली आणि त्या रेकॉर्डिंगमधलंच वाजवायला लागली. म्हणाली, “बंद केलंस ती जागा आली की सांग.”

मला सुरातलं काय कळतं? पण ती जागा आली आणि मी ओरडलेच, “इथं! इथं बंद केलं.”

तिचा गज थबकला. क्षणभर तुमच्या फोटोकडे बघितलं, आणि तिथून पुढचं सगळं तिने वाजवलं. शेवटपर्यंत. आवडलं का, विचाराल तर अजून सांगता येत नाही. पण या वेळी मी कुठे थांबवलं नाही.

पुढच्या महिन्यात धारवाडला तिचा कार्यक्रम आहे. मी जाणार. आणि एक ठरवलंय. यापुढे तुमच्या वतीने मी तिला उत्तर देणार नाही. ‘त्यांना आवडलं असतं’ असंही नाही आणि ‘नसतं’ असंही नाही. मला काय वाटलं तेवढंच सांगेन, मग ते ‘कळलं नाही गं’ एवढंच का असेना.

तुमचीच,
शांता